न दुखणाऱ्या पायाची चप्पल

चप्पल विकत घेताना माणूस शेवटचा कौल पायाकडून घेतो. दुकानात दोन पावले चालून बघायचे, करंगळीला टोचले किंवा टाचेला घासले की जोड बदलायचा. तारकर्लीच्या समुद्रात उतरण्याआधी पायात फिन्स चढवणारा पर्यटकही तेच करतो. घट्ट फिन्सने पाय आवळतो, सैल फिन्स निसटतात, आणि दोन्हींचा अंदाज पायच देतो. पण पायाने सांगणेच बंद केले तर? डॉ. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नावर घालवला. कुष्ठरोगाचे रुग्ण अजूनही सापडणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीत त्यांचे उत्तर आजही कामाचे आहे.

ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात, एका इंग्रज मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. १९२९ साली वडील हिवतापाच्या गुंतागुंतीने वारले. तरुणपणी ब्रँड यांनी सुतारकाम आणि गवंडीकाम शिकण्यात काही वर्षे घालवली. नंतर ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि युद्धकाळातील लंडनमध्ये शल्यचिकित्सक झाले. हत्यारे हाताळण्याची ती सवय पुढे फार उपयोगी पडली.

१९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. जवळच्या चेंगलपट्टू येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्यांनी पाहिलेले हात वाकडे, बोटे झडलेले होते. तरीही एका रुग्णाशी हस्तांदोलन करताना पकडीतला जोर त्यांना जाणवला. म्हणजे काही स्नायू लुळे पडले होते, पण बाकीचे शाबूत होते. शाबूत स्नायूंचे कंडरे सरकवून लुळ्या बोटांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी सुरू केल्या आणि मिटलेले हात उघडू लागले.

मात्र सुधारलेल्या हातांना पुन्हा जखमा होऊ लागल्या. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते, असा तेव्हा सर्रास समज होता. ब्रँड यांनी प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. कुणी तापलेले भांडे हाताने उचलले होते, कुणाला हत्याराचा खडबडीत दांडा लागला होता. रात्रीतून बोटांचे तुकडे नाहीसे कसे होतात, हे पाहण्यासाठी पहारा ठेवला तेव्हा उंदीर सापडले. झोपलेल्या माणसाला त्यांचा चावा कळतच नव्हता. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णांसोबत मांजर दिले जाऊ लागले. कुष्ठरोगाचे जंतू नसा निकामी करतात, वेदना जाते आणि वेदना गेली की शरीराचा राखणदार जातो, हे ब्रँड यांच्या कामातून स्पष्ट झाले.

पायांचा प्रश्न हातांपेक्षा अवघड निघाला, कारण पायावर अख्ख्या शरीराचा भार असतो. घोट्याजवळून तळव्याकडे जाणारी नस बिघडली की तळवा बधिर होतो. मग इजा तीन वाटांनी होते. काटा किंवा खिळा थेट घुसतो. घट्ट चप्पल एकाच जागी तासन्‌तास दाबून तिथला रक्तपुरवठा तोडते. तिसरी वाट सर्वांत फसवी आहे. साध्या चालण्याचा दाब पुन्हा पुन्हा त्याच जागी पडत राहतो आणि आतले मांस सुजते. निरोगी माणूस नकळत लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो, बसून घेतो. बधिर पाय त्याच चालीने चालत राहतो आणि एक दिवस चवड्याखाली खोल व्रण दिसतो.

म्हणून शल्यचिकित्सक ब्रँड चांभारकामात शिरले. लाकडी तळ, मेणाचे साचे, प्लास्टिक असे बरेच काही करून पाहिल्यावर वेल्लोर परिसरातील कामातून सूक्ष्मछिद्री रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल रुळली. मऊ रबराने भार पूर्ण तळव्यावर पसरतो आणि खालचा कडक तळ काटे अडवतो. जोडकामाला खिळे वापरत नाहीत, कारण वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही. मागे टाचेला पट्टा असतो, कारण लुळ्या बोटांना चप्पल धरून ठेवता येत नाही. पुढे त्यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजेही वापरून पाहिले. चालल्यावर जिथे दाब जास्त, तिथल्या कुप्या फुटून रंग उमटायचा. पाय जे सांगू शकत नव्हता, ते मोजा सांगू लागला.

वेदनेचे मोल त्यांनी स्वतःही अनुभवले. एकदा लांबच्या प्रवासानंतर लंडनच्या मुक्कामी बूट काढताना टाच बधिर लागली. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या विचारात त्यांनी रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि कळ आली. प्रवासात अवघडून बसल्याने नस तात्पुरती दबली होती. त्या कळेने झालेला आनंद ते जन्मभर विसरले नाहीत.

१९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेहींच्या पायांवर त्यांना तशाच जखमा दिसल्या. आजार वेगळा, पण नसा बधिर झाल्याचा परिणाम तोच. कुष्ठरोग्यांसाठी शोधलेले उपाय मग मधुमेहींचे पाय वाचवू लागले. ८ जुलै २००३ रोजी सिएटल येथे त्यांचे निधन झाले.

ब्रँड यांच्याच जन्मवर्षी हिंगणघाटला बाबा आमटे जन्मले आणि १९५१ साली त्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. एकाने बधिर हातापायांचे शास्त्र मांडले, दुसऱ्याने त्याच हातांना काम आणि मान दिला. आज कुष्ठरोगावरचे बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. जंतू मरतात, पण उशिरा उपचार सुरू झाले तर गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या किंवा तेंदूपत्त्यासाठी जंगल तुडवणाऱ्या माणसाला तेच पाय जन्मभर वापरायचे असतात.

अशा पायासाठी चप्पल निवडताना पायाची साक्ष चालत नाही. बधिर पायाला सैल-घट्ट कळत नाही, म्हणून असा माणूस अनेकदा मापापेक्षा घट्ट जोड घेतो. आवळल्यावरच त्याला पायात काहीतरी असल्याचे जाणवते. त्यापेक्षा उभे राहून कागदावर पायाचा आकार काढावा आणि चप्पल त्यावर ठेवून पाहावी. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नवा जोड पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालून तळवा तपासावा. लाल डाग उमटून तो लवकर गेला नाही, तर तो जोड त्या पायाचा नव्हे. घालण्याआधी चप्पल झटकावी आणि रोज रात्री आरशात तळवा पाहावा किंवा घरच्यांना दाखवावा. वेदना जे काम फुकट करत होती, ते आता डोळ्यांनी रोज करायचे असते.