रायफलीला ‘पकड’ देणारा कारागीर

जर्मनीच्या नैऋत्य भागात नेकार नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ नावाचे छोटे गाव आहे. तेथील जुन्या मठाच्या इमारतीत वुर्टेम्बर्ग राज्याचा बंदुकांचा कारखाना होता. या कारखान्यात राबणाऱ्या एका कारागिराच्या घरी २७ जून १८३८ रोजी तेरावे अपत्य जन्मले. पॉल माउझर या नावाने ते पुढे जगभर ओळखले गेले. शिकारीच्या बोल्ट-अॅक्शन रायफलींपैकी बहुतेकींची वंशावळ शोधत गेल्यास वाट या गावापाशी येऊन थांबते.

पॉल लहान वयातच वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले. १८५९ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्यांची रवानगी लुडविग्सबर्गच्या शस्त्रागारात झाली. त्या काळी प्रशियाचे सैनिक ड्रायझे यांची ‘सुईची बंदूक’ वापरीत. तिची लांब सुई कागदी काडतूस भेदून आत जाई, पेटलेल्या दारूच्या आचेने झिजे आणि मोडे. पॉल व त्यांचे थोरले बंधू विल्हेल्म यांनी बोल्टची मूठ फिरवताच आघात करणारी पिन आपोआप ताणली जाईल अशी रचना केली. अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीचे प्रतिनिधी सॅम्युअल नॉरिस यांनी १८६७ मध्ये दोघांना बेल्जियममधील लिएज येथे नेले. तो व्यवहार पुढे फिसकटला. परंतु १८७१ मध्ये प्रशियाने त्यांची एकबारी रायफल स्वीकारली आणि माउझर बंधूंचे नशीब उघडले.

व्यवहार विल्हेल्म पाहत आणि पॉल कानशीचे धनी! १८८२ मध्ये विल्हेल्म यांचे निधन झाले. पुढे १८८७ मध्ये तुर्कस्तानने तब्बल पाच लाख रायफलींची मागणी नोंदविली. त्याच सुमारास कंपनीची सूत्रे बर्लिनच्या लुडविग लोव्ह कंपनीकडे गेली आणि आपलेच नाव मिरविणाऱ्या कारखान्यात पॉल तांत्रिक प्रमुख उरले. १८८८ मध्ये जर्मन लष्कराने एका समितीकडून नवी रायफल तयार करून घेतली. तीत पॉल यांना स्थान नव्हते. ही उपेक्षा त्यांच्या जिव्हारी लागली असणार, पण ती त्यांच्या पथ्यावरच पडली. बेल्जियम, तुर्कस्तान, स्पेन अशा परदेशी गिऱ्हाइकांसाठी ते दर दोन-तीन वर्षांनी नवे प्रारूप घडवीत गेले आणि प्रत्येक प्रारूपात आधीची एखादी खोट दूर होत गेली. अखेर ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मन लष्कराने त्यांचीच रायफल स्वीकारली.

या ‘मॉडेल ९८’चे मर्म एका लांब पोलादी आकड्यात आहे. मॅगझिनमधून काडतूस वर येताच हा आकडा त्याच्या बुडाची खाच पकडतो आणि रिकामे टरफल बाहेर फेकले जाईपर्यंत सोडत नाही. बोल्ट फिरला तरी आकडा फिरत नाही. त्यामुळे घाईत बोल्ट अर्धवट मागेपुढे झाला तरी दोन काडतुसे एकमेकांत अडकत नाहीत. शिवाय बोल्टच्या तोंडाशी दोन भक्कम खुंट्या आणि खबरदारी म्हणून मागे तिसरी. काडतूस फुटलेच, तर वायूला बाहेर पडण्यासाठी बोल्टला छिद्रे आणि नेमबाजाचा चेहरा वाचविण्यासाठी मागील बाजूस रुंद कडा. दुर्दैव असे, की इतरांच्या डोळ्यांची एवढी काळजी वाहणाऱ्या पॉल यांचाच डावा डोळा १९०१ मध्ये स्वयंचलित रायफलीच्या चाचणीत गेला. तरीही त्यांनी काम सोडले नाही. २९ मे १९१४ रोजी, महायुद्धाला जेमतेम दोन महिने असताना, ओबर्नडॉर्फमध्येच त्यांचे निधन झाले.

हिंस्र श्वापद अंगावर येत असताना दुसरी गोळी हमखास सुटणे म्हणजे जीव वाचणे. त्यामुळे युद्धासाठी घडविलेली ही यंत्रणा शिकाऱ्यांनी उचलून धरली, यात नवल नाही. लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरच्या यंत्रणेवर हलक्या, देखण्या रायफली घडविल्या. त्यांपैकीच एक .२७५ रायफल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी भेट दिली. त्या वाघिणीने ४३६ बळी घेतले होते.

१९३० मध्ये चौगडच्या वाघिणीचा माग काढताना कॉर्बेट यांच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. खडकाला वळसा घालताच काही फुटांवर वाघीण! त्यांनी उजव्या हाताने रायफल अतिशय सावकाश वळविली आणि एका हातानेच गोळी झाडली. जड दुनळी असती, तर हे साधले असते काय, याची शंकाच आहे. अंडी मात्र सुखरूप घरट्यात परत गेली.

अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने १९३६ च्या ‘मॉडेल ७०’मध्ये हाच लांब आकडा ठेवला होता. खर्च वाचविण्यासाठी १९६४ मध्ये तो काढून टाकताच शिकारी इतके नाराज झाले, की जुन्या रायफलींना वाढीव किंमत येऊ लागली. अखेर १९९० च्या दशकात कंपनीला तो परत आणावा लागला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपविले. कॉर्बेट यांची ती रायफल २०१५ मध्ये लंडनला रिग्बी कंपनीकडे परतली.