संख्यांत रमलेले कापरेकर

चिंचणीहून समुद्रकाठाने उत्तरेकडे गेले की डहाणू लागते. डहाणूचा चिकू तुम्ही खाल्ला असेल. पण गणिताच्या पुस्तकांत या गावाचे नाव येते, ते एका शाळामास्तरांमुळे. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला.

ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात आकडेमोड फार. ती पाहता पाहता मुलाला संख्यांची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढचे शिक्षण झाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षकाचे काम केले.

आता पाटी-पेन्सिल घ्या. कापरेकरांचे जन्मवर्ष लिहा : १९०५. यातील अंकांपासून सर्वांत मोठी संख्या होते ९५१० आणि सर्वांत लहान ०१५९. मोठीतून लहान वजा करा. उत्तर ९३५१. या उत्तराचेही तसेच करा. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४ येईल. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहील! चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचाल. (मधल्या उत्तरात तीनच अंक आले, तर पुढे शून्य लिहायला विसरू नका. मुले हमखास इथेच चुकतात.)

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. अशा परिषदेत विद्वान मंडळी जमतात. एकजण फळ्यापाशी उभा राहून आपला शोध सांगतो आणि बाकीचे शंका विचारतात. तिथे बहुतेक प्राध्यापक असत. कापरेकर मात्र शाळेतले शिक्षक; बी.एस्सी.च्या पुढची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. अनेक गणितज्ञांना त्यांचे काम म्हणजे नुसती गंमत वाटे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो, म्हणून ६१७४ येते. लिहिण्याची पद्धत बदलली की उत्तरही बदलते. पण ही गंमत आधी कोणाला दिसली होती? मोठ्या मासिकांत जागा मिळाली नाही, तेव्हा कापरेकर लहान मासिकांत लिहीत, कधी स्वतःच पुस्तिका छापून घेत. पगार शिक्षकाचा, हे लक्षात घ्या.

त्यांनी संख्यांना नावेही सुंदर दिली. जिला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ, १८ ला ९ ने भाग जातो.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या करीत. मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात त्यांच्या कामावर लिहिले आणि देशोदेशीच्या वाचकांना ते ठाऊक झाले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीला त्यांचे निधन झाले.

आज संगणक शिकणाऱ्या मुलांना ६१७४ चे कोडे सोडवायला देतात. तुम्ही ते पाटीवर सोडवा. तुमचे जन्मवर्ष घ्या आणि किती पायऱ्या लागतात ते मोजा.