पावसाचा ताळेबंद

पुण्यात शिवाजीनगरहून विद्यापीठाच्या रस्त्याला लागले की सिमला ऑफिस येते. वेधशाळेची जुनी दगडी इमारत. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, पुढे ते दिल्लीला गेले, पण नाव मागे राहिले. सर गिल्बर्ट वॉकर या इमारतीत कधी बसले नाहीत. त्याआधीच, १९२४ साली, निवृत्त होऊन ते मायदेशी परतले होते. तरीही ही वास्तू दिसली की मला त्यांचीच आठवण होते.

वॉकर यांचा जन्म १८६८ सालचा, इंग्लंडातल्या रॉचडेल गावचा. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८८९ साली ते पहिले आले. पुढे दहा वर्षांनी आपले रँग्लर परांजपे ज्या परीक्षेत अव्वल ठरले, तीच ही परीक्षा. अभ्यासाच्या ताणाने प्रकृती ढासळली, तेव्हा वॉकर यांनी काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढले आणि तिथे बर्फावरून घसरण्याच्या खेळात प्रावीण्य मिळवले. बासरीचा नाद होता. फेकलेले बूमरँग परत कसे येते, याचे गणितही त्यांनी मांडले होते. अशा माणसाला पावसाचे भाकीत करायला हिंदुस्थानात कोणी बोलावले असेल?

बोलावले ते दुष्काळाने. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रासकडे लाखो माणसे दगावली. त्यानंतर हिमालयातले बर्फ पाहून मोसमी पावसाचा अंदाज देण्याची प्रथा सुरू झाली. जादा बर्फ म्हणजे कमी पाऊस, असा त्यातला ढोबळ आडाखा. पण १८९९ साली खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि पाऊस साफ दडी मारून बसला. छप्पनचा दुष्काळ तो हाच. अशा वर्षांत माणसे नुसत्या भुकेने मरत नाहीत. विहिरी तळाला गेल्या की गढूळ पाण्यातून पटकी येते. पुढच्या वर्षी पाऊस आला की डबकी साचतात, डास वाढतात आणि आधीच खंगलेल्या शरीरांना हिवताप गाठतो. पावसाचा अंदाज हा धान्याइतकाच औषधपाण्याचाही प्रश्न होता.

१९०४ साली वॉकर यांनी खात्याची सूत्रे घेतली, तेव्हा त्यांना हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता. एक गोष्ट मात्र त्यांनी ओळखली. आपल्या पावसाचे कारण एकट्या हिमालयात सापडणार नाही. मग जगभरच्या ठाण्यांवरचे हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे त्यांनी गोळा केले आणि हिंदी कारकुनांच्या ताफ्याकडून वर्षानुवर्षे त्यांची गणिते करून घेतली. संगणक नव्हता, होते ते कागद आणि पेन्सिल. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. वर्षअखेरीस खातेवह्या जुळवत बसलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे ते दृश्य मला सहज दिसते. अशाच जुळवाजुळवीतून वॉकर यांना एक विलक्षण नोंद सापडली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि इकडे चढला की तिकडे पडतो. जणू दोन समुद्रांची जमाखर्चाची दोन पाने. १९२४च्या सुमारास त्यांनी याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले.

आकड्यांत रमलेल्या या माणसाला माणसांचीही पारख होती. १९१३ साली मद्रास बंदराच्या कचेरीत त्यांना हिशेबखात्यातल्या एका कारकुनाचे गणित दाखवण्यात आले. वॉकर यांनी विद्यापीठाला शिफारसपत्र लिहिले आणि त्या तरुणाला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती मिळाली. तो तरुण म्हणजे रामानुजन.

पण ज्या कामासाठी वॉकर आले, ते पुरे झाले नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०८ साली, अतिवृष्टीनंतर पंजाबात हिवतापाने सुमारे तीन लाख माणसे गेली. १९१८ साली पाऊस बुडाला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने देशात सव्वा कोटीहून अधिक बळी घेतले. पावसाची खात्री देणारे सूत्र वॉकर यांना अखेरपर्यंत सापडले नाही. दाबाचा हा झोका का हलतो, हेही सांगता आले नाही. १९५८ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते वारले, तेव्हा त्यांचे काम बऱ्याच अंशी विस्मरणात गेले होते.

उत्तर मिळाले ते १९६९ साली. याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवले की प्रशांत महासागराचे पाणी आणि त्यावरचा वारा एकमेकांना ढकलत असतात. एरवी पूर्वेकडचे वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे लोटतात, आणि पेरूच्या किनाऱ्याशी खालचे थंड, सकस पाणी वर येऊन मासळी पोसते. वारे मंदावले की ते कोमट पाणी माघारी पसरते. हाच एल निनो. वाऱ्याच्या त्या चक्राला ब्यर्कनेस यांनी वॉकर यांचे नाव दिले.

तीनच वर्षांनी त्याचा प्रत्यय आला. १९७२ साली पेरूच्या समुद्रातली अँचोव्ही मासळी ओसरली. आधीच बेसुमार मासेमारी झाली होती. १९७० साली सव्वा कोटी टनांच्या घरात गेलेली पकड १९७३ साली वीस लाखांच्याही खाली आली, आणि त्या मासळीवर जगणारे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मेले. त्याच साली महाराष्ट्र होरपळत होता. मी तेव्हा शाळकरी होतो. तांबड्या मिलोची भाकरी, सुकडी आणि खडी फोडणाऱ्या बायांची रांग मला अजून आठवते. पेरूच्या पक्ष्यांचे आणि आमच्या गावच्या विहिरीचे दुखणे एकाच पाण्याचे आहे, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? पुढे १९९६ साली संशोधकांनी पंजाबातल्या हिवतापाच्या जुन्या साथी तपासल्या. एल निनोनंतरच्या वर्षी साथीचा धोका बराच वाढत असे, हे त्यातून दिसले.

तरी निसर्ग हिशेबाला बांधलेला नाही. १९९७ साली प्रचंड एल निनो आला, सगळ्यांनी धसका घेतला, आणि देशात पाऊस सरासरीइतका पडला. आज अंदाजात शक्यतेची टक्केवारी दिली जाते. पाऊस हुकला की आपण वेधशाळेची थट्टा करतो, मीही केली आहे. पण एल निनोची चाहूल काही महिने आधी लागते. तेवढ्या अवधीत पेरणीचा बेत बदलता येतो, टँकरची सोय लावता येते, दवाखान्यात गोळ्या पोचवता येतात. छप्पन सालच्या माणसांना तेवढीही उसंत मिळाली नव्हती. सिमला ऑफिसवरून जाताना मला वॉकर आठवतात, ते या उसंतीपायी.