जिम कॉर्बेट : चांदीच्या पट्टीची रायफल आणि आपलं जवसाचं तेल

दिघोरी (ता. लाखांदूर) : धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळी आणि जवस फेकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. याच जवसाचं तेल एकेकाळी बंदुकीच्या लाकडी दस्त्याला चोळत. जिम कॉर्बेट ज्या काळात वाढले, तो काळ अशाच बंदुकांचा होता.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ ला नैनितालचा. वडील पोस्टमास्तर. ते लवकर गेले, घर मोठं आणि कमाई कमी. हिवाळ्यात कुटुंब खाली कालाढुंगीला राहायचं, तिथंच पोराला जंगलाचं वेड लागलं. हातात आलेली पहिली बंदूक ठासणीची आणि जुनी. एक नळी फुटलेली, दस्ता पितळी तारेनं आवळून बांधलेला. शिक्षण अर्धवट राहिलं, मग रेल्वेत नोकरी. बिहारात गंगेकाठी मोकामा घाटावर वीसेक वर्षं मालाची चढउतार सांभाळली.

१९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीमागे जाण्यासाठी त्यांना बोलावणं आलं. तिनं नेपाळात २०० आणि कुमाऊंत २३६ माणसं मारली होती. त्यांनी दोन अटी घातल्या. जाहीर झालेलं बक्षीस रद्द करा आणि बाकीचे शिकारी परत बोलवा. पैशासाठी त्यांना वाघ मारायचा नव्हता. गावकऱ्यांनी हाका करून वाघीण उठवली. कॉर्बेट यांच्याजवळची काडतुसं संपली, तेव्हा तहसीलदाराची जुनी बंदूक घेऊन शेवटची गोळी झाडली. नंतर पाहिलं तर वाघिणीचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते. कुणाच्या तरी गोळीनं ती जायबंदी झाली होती, रानातली शिकार जमेना म्हणून माणसावर आली.

या कामगिरीबद्दल प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. अक्रोडाच्या दस्त्यावर चांदीची पट्टी बसवलेली होती.

असा दस्ता तेलानं कसा राखतात? लाकूड आधी घासून गुळगुळीत करायचं. मग जवसाचं थोडंसंच तेल तळहातानं जिरवायचं आणि जास्तीचं पुसून टाकायचं. पूर्ण सुकू द्यायचं, मग पुन्हा तेच. घाई केली की दस्ता चिकट राहतो. जवसाचं तेल हवेनं घट्ट होतं, खोबरेल होत नाही, म्हणून जवसच. तेलामुळं लाकूड ओल कमी पितं. दस्ता फुगला तर नळीवर दाब येतो आणि नेम हुकतो. विळा-कुऱ्हाडीच्या दांड्यालाही हीच रीत चालते. फक्त तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून सुकवा.

१९२६ च्या मे महिन्यात कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा बिबट मारला. आठ वर्षांत त्यानं १२५ बळी घेतले होते आणि केदार-बद्रीच्या वाटेवर यात्रेकरू रात्री बाहेर पडत नसत. पुढं त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९३६ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागं त्यांचेही प्रयत्न होते. दुसऱ्या महायुद्धात ते आपल्या शेजारच्या छिंदवाड्यात सैनिकांना जंगलात टिकायचं शिकवत. १९४७ मध्ये बहीण मॅगीसोबत केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ ला तिथंच वारले. १९५७ मध्ये उद्यानाला त्यांचं नाव मिळालं. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली. ती रायफल पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली आणि २०१६ मध्ये भारतात आणून लोकांना दाखवली गेली.

वाघाची भीती आपल्या तालुक्याला नवी नाही. भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपुरात १३ बळी घेणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात पकडला, तो गोळी न घालता, बेशुद्ध करून. जखमी वाघ माणसावर येतो, हे चंपावतच्या तुटक्या सुळ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. म्हणून शिवारात फासा किंवा करंटची तार दिसली, तर आधी वनविभागाला कळवा. त्यात जायबंदी झालेलं जनावर उद्या कुणाच्या बांधीत बसेल, सांगता येत नाही.