शेवटचे कडवे गाळू नका!

गेल्या भीमजयंतीला चोपड्यात रात्री गायनाचा कार्यक्रम होता. बाहेरगावची गायन पार्टी आली होती. मुख्य गायक विशीतला तरुण, आवाज खणखणीत. एकामागून एक भीमगीते म्हणत त्याने आयाबहिणींना, पोराबाळांना जागेवरच डोलायला लावले. त्यातली तीन गाणी महाकवी वामनदादा कर्डक यांची होती आणि तिन्ही गाण्यांचे शेवटचे कडवे त्याने गाळले. कार्यक्रमानंतर चहा घेताना आम्ही विचारले, ही गाणी कोणाची? तो निरागसपणे म्हणाला की पारंपरिक आहेत, आजोबाही म्हणायचे. मोबाईलवर त्याने आपल्या नावाची चित्रफीत दाखवली. तिथेही कवीच्या जागी तेच, पारंपरिक!

त्या तरुणाच्या अंगातल्या बनियनवर मात्र एका जटाधारी गायकाचे चित्र होते. तो बॉब मार्ली होता. हे नाव त्या तरुणाला ठाऊक होते. सातासमुद्रापलीकडच्या गायकाचे नाव छातीवर आणि ज्याच्या शब्दांवर आपली पार्टी चालते त्याचे नाव पुसलेले, हा काय प्रकार आहे? दोष त्या पोराचा नाही, दोष आमचा आहे. म्हणून आज या दोन नावांविषयी, आणि त्यातही वामनदादांविषयी, चार गोष्टी लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी मार्ली कोण ते थोडक्यात पाहू. जमैका हे वेस्ट इंडिजमधले छोटे बेट. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांची तिथे बहुसंख्या. १९६२ साली बेट स्वतंत्र झाले, पण काळ्या माणसाची झोपडपट्टी सुटली नाही. १९४५ साली खेड्यात जन्मलेला बॉब मार्ली आईबरोबर किंग्स्टन शहरातल्या ट्रेंचटाऊन या गरीब वस्तीत आला, वेल्डिंगचे काम शिकला आणि गाऊ लागला. त्या वस्त्यांतूनच रेगे हे संगीत उभे राहिले. मार्लीने नेत्यांच्या विचारांचे गाणे केले. इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रसंघात वंशभेदाविरुद्ध केलेल्या भाषणावर त्याने १९७६ मध्ये ‘वॉर’ हे गाणे बांधले. काळ्यांचे नेते मार्कस गार्वी यांच्या भाषणातला मनाच्या गुलामीचा विचार त्याने १९८० च्या ‘रिडेम्प्शन साँग’मध्ये घेतला. ज्याने बाबासाहेबांचा विचार गाण्यातून ऐकला आहे, त्याला ही रीत परकी वाटणार नाही.

मार्लीची गाणी जगभरच्या लोकगायकांनी आपापल्या वाद्यांवर उचलली. अमेरिकेच्या लोकगायिका जोन बाएझ यांनी त्याचे गाणे म्हटले, ब्राझीलच्या जिल्बेर्तो जिल यांनी १९७९ साली तेच गाणे पोर्तुगीज भाषेत नेले. पुढे रस्त्यावर गाणाऱ्या देशोदेशीच्या कलावंतांनी मिळून त्याचे ‘वन लव्ह’ गायले. आपल्याकडे पंजाबातले दलित लोकगायक बंतसिंग यांचे उदाहरण आहे. मुलीवरच्या अत्याचाराविरुद्ध ते न्यायालयात लढले आणि गुन्हेगारांना शिक्षा झाली. त्याचा सूड म्हणून २००६ साली जमीनदारांच्या माणसांनी त्यांना असे मारले की दोन्ही हात आणि एक पाय कापावा लागला. तरीही ते गातच राहिले. दिल्लीच्या रेगे कलावंतांनी त्यांच्या गावी जाऊन त्यांचा आवाज आपल्या संगीतात गुंफला. शोषितांचे गाणे शोषितांना असे ओळखते, त्याला पासपोर्ट लागत नाही!

पण यात एक गोष्ट ध्यानात घ्या. मार्लीचे गाणे कोणीही, कोणत्याही भाषेत गावो, ते मार्लीचे म्हणूनच गायले जाते. मग आमच्या महाकवीचे गाणे निनावी का व्हावे?

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. घरची गरिबी, त्यात अस्पृश्यता. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. गावी जगणे अशक्य झाले तेव्हा हजारो महारकुटुंबांप्रमाणे हेही कुटुंब मुंबईला आले. शिवडीच्या बीडीडी चाळीत वस्ती, गिरणीत आणि मिळेल तिथे मजुरी, कधी फेरीवर किरकोळ विक्री. सिनेमात नट व्हावे ही तरुण वामनची हौस. त्यापायी स्टुडिओंच्या दारात उभे राहून गर्दीतली किरकोळ कामेही त्यांनी केली. नट होणे जमले नाही, पण चाल, ठेका आणि लोकांना काय भिडते याचे ज्ञान तिथे कानावर पडत गेले.

याच चाळीत त्यांच्या आयुष्याला वळण लागले. कोणीतरी एक पत्र आणून त्यांच्या हाती दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. अंगाने धडधाकट, दिसायला नीटनेटका हा तरुण, पण एक अक्षर वाचता येईना. ती शरम त्यांच्या जिव्हारी लागली. चाळीतल्या देहलवी नावाच्या गृहस्थांनी त्यांना बाराखडी शिकवली. पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वामन जोडाक्षरे शिकला. विद्यापीठांत ज्याच्या काव्यावर आज प्रबंध लिहिले जातात, त्या महाकवीचे विद्यापीठ म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरच्या पाट्या! शिका हा बाबासाहेबांचा आदेश त्यांनी असा पाळला. समता सैनिक दलात ते दाखल झाले आणि चळवळीशी त्यांची गाठ कायमची बांधली गेली.

१९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. ते गीत म्हणजे एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. चाल दुसऱ्याची, शब्द वामनचे. ऐकणारे खूश झाले आणि आपल्याला गाणे रचता येते हे त्यांचे त्यांना कळले. इथे कोणी विचारील की वकीलसाहेब, मग दादांनीही उसनवारीच केली ना? उत्तर सरळ आहे. सिनेमाच्या चाली त्या काळी गल्लोगल्ली वाजत होत्या, चाल कुठली हे ऐकणारा प्रत्येक जण ओळखत होता, लपवाछपवी नव्हती. ओळखीच्या चालीवर नवा विचार बसवला की निरक्षर माणसालाही तो एका ऐकण्यात पाठ होतो, हे दादांनी ओळखले होते. जमैकाच्या गायकांनीही आधी अमेरिकेची गाणी आपल्या ठेक्यात गाऊनच सुरुवात केली. आणि मुख्य म्हणजे दादा आपल्या शब्दांखाली सही करीत. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात वामन हे नाव येते. संतांनी अभंगात जी नाममुद्रा घातली तीच ही रीत. ज्याच्याकडे छापखाना नाही, कचेरीत नोंद नाही, त्या माणसाने आपला हक्क गाण्याच्या पोटातच लिहून ठेवला होता!

दादांच्या आधी आंबेडकरी जलशांनी वाट तयार केली होती. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावकुसाबाहेर पोहोचवला होता. वामनदादांनी ती वाट पुढे नेली. बाबासाहेबांच्या हयातीतच ते सभांमधून गाऊ लागले. १९५६ साली धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. नवा धम्म हाती आलेला, पण समजावून सांगणारा बाप गेलेला. पुस्तके वाचणारे मूठभर होते. त्या काळात खेड्यापाड्यांतल्या अडाणी माणसाला बुद्ध कोण, बावीस प्रतिज्ञा कशासाठी, संविधानाने काय दिले, हे कोणी सांगितले? गायकांनी सांगितले, आणि त्यांच्या अग्रभागी वामनदादा होते. मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी, ते गावोगाव फिरले. एखाद्याच्या ओट्यावर झोपले, मिळाली ती भाकरी खाल्ली.

संसाराचे सुख त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. पहिला संसार मोडला, लहानगी लेक गेली. दुसऱ्या पत्नी शांताबाईंनी मात्र या फिरस्त्या कवीला अखेरपर्यंत साथ दिली. समाजाच्या लेकरांनाच दादांनी आपली लेकरे मानले. १९५९ च्या ‘सांगते ऐका’ या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गीत आले, परंतु सिनेमाच्या पैशामागे ते गेले नाहीत. ‘वाटचाल’ १९७३ मध्ये, ‘मोहळ’ १९७६ मध्ये, ‘हे गीत वामनाचे’ १९७७ मध्ये आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पण हजारो गाण्यांपुढे हे छापील संग्रह म्हणजे ओंजळभर. बाकीची गाणी वह्यांत, कागदाच्या चिठोऱ्यांवर आणि लोकांच्या ओठांवर राहिली. गायकाने गाणे मागितले की दादा लिहून देत, करारबिरार नाही. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदाचा मान या शाळा न पाहिलेल्या माणसाला मिळाला. प्रस्थापितांच्या साहित्याने मात्र त्यांना कायम उंबऱ्याबाहेरच ठेवले. १५ मे २००४ रोजी दादा गेले.

ऐंशीच्या दशकात कॅसेटचा जमाना आला. भीमगीतांच्या कॅसेट जयंतीच्या महिन्यात तडाखेबंद खपू लागल्या. विकणारे कमावून गेले. कवीच्या हाती मात्र एकदाच उक्ते पैसे पडत, कधी तेही नाहीत आणि कव्हरवर नावही नाही. इथे मार्लीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच्या ‘नो वुमन, नो क्राय’ या अतिशय गाजलेल्या गाण्याचा कवी म्हणून व्हिन्सेंट फोर्ड यांचे नाव नोंदलेले आहे. हा फोर्ड ट्रेंचटाऊनमध्ये गोरगरिबांना जेवू घालणारे स्वयंपाकघर चालवी. नाव नोंदले गेल्यामुळे त्या गाण्याचे मानधन त्याच्याकडे गेले. गाण्यावरच्या नावात भाकरी असते, हे त्या वस्तीतल्या माणसांना कळले होते. पण मार्लीचेही सगळे शहाणपणाचे नव्हते. ११ मे १९८१ रोजी अवघ्या ३६ व्या वर्षी तो कर्करोगाने गेला तेव्हा त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते. वारसांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आता कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क असतो. म्हणजे वामनदादांची गाणी २०६४ साल संपेपर्यंत पारंपरिक होऊच शकत नाहीत. हौशी मंडळाने फुकट ऐकणाऱ्यांसमोर गाणे म्हटले तर तो भंग नाही. म्हणून जयंतीला, विहारात, वस्तीत मोकळेपणाने गा, कोणी अडवणार नाही. परंतु गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करून विकायचे असेल तर परवानगी घ्यावी लागते, नाहीतर २०१२ च्या दुरुस्तीतल्या तरतुदीनुसार मूळ मुद्रणाला पाच वर्षे झाल्यावर, आगाऊ रॉयल्टी भरून आणि शब्दांची मोडतोड न करता ते करता येते. याच दुरुस्तीने गीतकाराला रॉयल्टीत समान वाटा दिला आणि तो हक्क कंपनीला कायमचा लिहून घेता येणार नाही असेही ठरवले. कलम ५७ तर त्याहून मोलाचे आहे. रचना विकली तरी ती माझी आहे हे सांगण्याचा कवीचा हक्क शिल्लक राहतो. दादा शेवटच्या कडव्यात जे करीत होते, ते हेच.

म्हणून गायन पार्टीच्या बंधूभगिनींना आमची विनंती आहे. दुसऱ्याचे गाणे गाणे ही चोरी नाही, त्यामुळेच गाणे जगते. आमच्या खान्देशात बायाबापड्यांनी भीमगीते अहिराणीत घोळवली, त्यांचे आम्ही स्वागतच करतो. पण गाण्याआधी कवीचे नाव घ्या. वेळ कमी असेल तर मधले कडवे सोडा, शेवटचे सोडू नका. आजच्या कवी-शाहिरांनी आपली गाणी तारीख घालून वहीत उतरवावीत, कंपनीच्या कागदावर वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये, आणि मृत्युपत्रात घरादाराबरोबर गाण्यांचाही उल्लेख करावा. जयंती मंडळांनीही पत्रिकेत गायकाइतकेच ठळक नाव कवीचे छापावे.

१९३७ साली बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे लोक जमतात आणि गाणी होतात. बाबासाहेब वकील म्हणून जिथे आले त्या जागी तरी शोषिताच्या हक्काचे गाणे निनावी गायले जाऊ नये. सुरुवात तिथूनच करू या.

त्या रात्री चहाचे ग्लास विसळणाऱ्या एका म्हाताऱ्या आईने आमचे बोलणे ऐकले. हात पदराला पुसत तिने तिन्ही गाण्यांची शेवटची कडवी एका दमात म्हणून दाखवली. तिला लिहिता-वाचता येत नाही. तो तरुण मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने आमच्याकडे कागद मागितला. आमच्या पिशवीतल्या एका जुन्या अर्जाच्या पाठीमागे त्याने ती कडवी उतरवून घेतली आणि प्रत्येकाखाली वामनदादांचे नाव लिहिले.

जयभीम!