इब्न बतूता : सफरीने बोलके केलेला मुसाफिर



दहावी-बारावीनंतर आपली अनेक मुले मोठ्या शहरात शिकायला जातात. घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी आणि कॉलेजात तिसरी. मग मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचे आणि सुटी लागताच घर गाठायचे! काही पालक तर या काळजीनेच मुलांना, विशेषतः मुलींना, बाहेर पाठवत नाहीत. अशा वेळी इब्न बतूता यांचे चरित्र जरूर आठवावे.

त्यांचा जन्म 1304 साली मोरोक्कोतील तंजा शहरात काझींच्या घराण्यात झाला. 1325 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजच्या इराद्याने ते एकटेच निघाले. ना सोबती, ना काफिला. आईवडील हयात होते. त्यांना सोडताना मन जड झाले होते. ट्युनिस शहरात पोहोचल्यावर स्वागताला आलेले लोक इतरांना सलाम करू लागले, पण यांना ओळखणारे कोणी नव्हते. तेव्हा या तरुणाला रडू आवरले नाही. ते पाहून एक हाजी पुढे आले आणि आपुलकीने बोलू लागले. वाचकहो, पुढे बादशहांच्या दरबारात वावरणाऱ्या या माणसाची सुरुवात अशी अश्रूंनी झाली, हे ध्यानात ठेवा.

अरबी त्यांची मातृभाषा. जेथे मशीद आणि मदरसा, तेथे ती पुष्कळदा कामी येई. पण नेहमीच नव्हे. अनातोलियात त्यांच्या माणसांनी बाजारात अरबी शब्द वापरून तूप मागितले, तर दुकानदाराने गवताचा पेंढा आणून दिला! तुर्की भाषेत तसाच उच्चार असलेल्या शब्दाचा अर्थ पेंढा होता. त्याच मुलुखात एका फकीह साहेबांना अरबी येत नव्हती. आपली अब्रू राखण्यासाठी ते लोकांना फारसीत म्हणाले की, हे पाहुणे जुनी अरबी बोलतात, मला मात्र नवी येते. इब्न बतूतांना तेव्हा फारसी कळत नव्हती. पण ते शब्द त्यांनी स्मरणात ठेवले आणि फारसी शिकल्यावर त्यांचा उलगडा केला. मित्रांनो, भाषा शिकण्याची खरी रीत हीच आहे. समजले नाही म्हणून कान बंद करायचे नाहीत.

1333 मध्ये ते सिंधूतीरी आले. पुढे दिल्लीत सुलतान मुहम्मद तुघलक यांनी त्यांना काझी नेमले, तेव्हा येथील भाषा आपल्याला येत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. सुलतानाने मदतीला दोन नायब दिले. आपली उणीव सांगितल्याने त्यांचा मान कमी झाला नाही.

1342 मध्ये सुलतानाचे वकील म्हणून ते चीनकडे निघाले. वाटेत त्यांनी आपले दौलताबाद आणि नंदुरबार पाहिले. मराठ्यांच्या मुलुखातील कुशल कारागीर, वैद्य व ज्योतिषी, भात-भाजीचे साधे जेवण, जीवहत्येचा तिटकारा, जेवणापूर्वीची आंघोळ, दौलताबादची द्राक्षे आणि डाळिंबे, हे सारे त्यांनी टिपले. परक्या धर्माच्या माणसांचे जीवनही त्यांनी कुतूहलाने पाहिले.

त्यांच्या चुकाही झाल्या. मालदीव बेटांवर काझी असताना आपल्याकडील रीती तेथील लोकांवर लादण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो पुष्कळसा फसला. 1352 मध्ये ते माली देशाच्या प्रवासास निघाले. तेथे सुलतानाकडून पाहुणचार म्हणून काही रोट्या, मांस व दही आले, तेव्हा ते हसले. मात्र त्याच देशातील न्याय, वाटसरूंची सुरक्षितता आणि मुलांकडून कुराण पाठ करून घेण्याची तळमळ यांची त्यांनी मनापासून स्तुती केली. न आवडलेल्या माणसांचेही चांगले सांगणे, हा गुण त्यांना सफरीने दिला.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. 1348 मध्ये दमास्कसला त्यांना कळले की, वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले. घराकडे परतत असताना प्लेगने आई गेल्याची बातमी आली. हिंदी समुद्रात लुटारूंनी त्यांची टिपणेही नेली होती.

अखेर मोरोक्कोचे सुलतान अबू इनान यांच्या हुकमाने त्यांनी आपली हकीकत सांगितली आणि इब्न जुझय या विद्वानांनी ती लिहून घेतली. 1355 मध्ये सांगणे पुरे झाले. तो ग्रंथ ‘रिहला’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातील काही भागांविषयी अभ्यासक शंका घेतात. तरीही सुमारे एक लाख वीस हजार किलोमीटरांच्या या सफरीची कहाणी आजही जगभर वाचली जाते. ते 1368-69 च्या सुमारास अल्लाहला प्यारे झाले.

पालकहो, मुलांना दूर पाठवताना काळीज हलते, हे खरे. म्हणून निरोप देताना डब्याबरोबर एवढी शिकवणही द्या : न कळलेले विचारावे, चुकल्यास लाजू नये आणि घरी खुशालीचे पत्र धाडावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वसतिगृहात एखादा नवखा मुलगा कोपऱ्यात एकटा बसलेला दिसला, तर ट्युनिसमधील त्या हाजींची आठवण ठेवा. पहिला सलाम तुम्ही करा.