कांदोळीचे आबे फारिया
पेडण्याहून पणजीला गेलो की जुन्या सचिवालयाजवळचा तो पुतळा पाहून मी लहानपणी घाबरत असे. कोसळणाऱ्या बाईवर हात पसरलेला पाद्री मला घाडीच वाटे!

जोझे कुस्तोदियो फारिया १७५६ साली कांदोळीत जन्मले, १७७१ मध्ये वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, पुढे रोममध्ये पाद्री झाले. पॅरिसमध्ये १८१३ पासून ते संमोहनाचे जाहीर प्रयोग करीत. निद्रा आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्यात नसून निद्रिस्ताच्याच मनात असते, हे त्यांचे प्रतिपादन. घाडी असे कधी कबूल करील काय? पॅरिसने मात्र त्यांची टर उडवली. १८१९ मध्ये ते विपन्नावस्थेत वारले.

माझ्या आजीने बोलणे टाकले, अन्न टाकले, तेव्हा आम्हीही वर्षभर घाड्याकडेच खेपा घातल्या. हा नैराश्याचा आजार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कुठे औषध सुरू झाले.